तळ्याच्या गाळातले वणवे : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

मागील अंकात आम्ही कॅथी व्हिटलॉक यांच्या संशोधनाचा परिचय करून दिला होता. अमेरिकेतील मोंटाना स्टेट विद्यापीठात दीर्घकाळ अध्यापन केलेल्या व्हिटलॉक यांनी यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान आणि रॉकी पर्वताच्या परिसरातील तळ्यांच्या गाळाचा अभ्यास केला आणि हिमयुग ओसरल्यापासून तेथील हवामान, जंगल आणि वणवे यांचा परस्परसंबंध कसा बदलत गेला, हे दाखवून दिले. २०१८ साली त्यांची अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीवर निवड झाली. या लेखावर आलेल्या पत्रांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले असून काही प्रश्न संक्षिप्त केले आहेत.

हजारो वर्षांपूर्वी लागलेला वणवा तळ्याच्या गाळातून कसा ओळखतात? कोळसा तर चुलीतूनही येऊ शकतो. (एक वाचक, नाशिक)

जंगल पेटले की अर्धवट जळालेल्या काड्या, साल आणि पानांचे बारीक तुकडे हवेत उडतात आणि काही वेळाने खाली बसतात. त्यांतील काही तळ्यात पडतात, तर काही पुढील पावसात किंवा बर्फ वितळताना उतारांवरून वाहत तळ्यात येतात. कोळसा सहसा कुजत नाही, त्यामुळे वर्षानुवर्षे साचणाऱ्या गाळाच्या थरांत तो जसाच्या तसा राहतो. गोठलेल्या तळ्याच्या बर्फावरून किंवा तराफ्यावरून एक पोकळ नळी तळात खोल रोवून या गाळाचा अखंड उभा स्तंभ बाहेर काढला जातो. प्रयोगशाळेत त्याचे साधारण एकेक सेंटीमीटरचे काप करून ते चाळणीतून धुतात आणि उरलेले कोळशाचे कण सूक्ष्मदर्शकाखाली एकेक करून मोजतात. हे काम किती चिकाटीचे आहे, याची कल्पना स्तंभाची लांबी अनेक मीटर असू शकते एवढे सांगितल्यावर यावी.

आपल्या शंकेचे उत्तर त्या चाळणीच्या छिद्रांत आहे. अगदी सूक्ष्म कण वाऱ्यावर शेकडो किलोमीटर जाऊ शकतात, त्यामुळे त्यांच्यावरून वणवा नेमका कोठे लागला ते सांगता येत नाही. मात्र १२५ मायक्रॉनपेक्षा, म्हणजे मिलिमीटरच्या एक अष्टमांशापेक्षा, मोठे कण प्रामुख्याने जवळपासच्याच आगीतून येतात. हे केवळ गृहीतक राहू नये यासाठी व्हिटलॉक आणि त्यांच्या सहकारी सारा मिल्सपॉ यांनी १९८८ च्या यलोस्टोनमधील प्रचंड वणव्यांचा कसोटीसारखा उपयोग केला. ज्यांच्या भोवतीचे जंगल जळाले अशी तळी आणि ज्यांच्या भोवतीचे जळाले नाही अशी तळी निवडून, त्यांच्या तळाशी किती कोळसा साचला याची त्यांनी पुढील वर्षांत तुलना केली. मोठे कण मुख्यतः जळालेल्या क्षेत्रातील तळ्यांतच सापडले. आग विझल्यानंतरही काही वर्षे उतारांवरून कोळसा वाहून येत राहतो, हेही याच अभ्यासात दिसले. म्हणून गाळातील कोळशाच्या शिखरावरून ‘अमुक वर्षी वणवा लागला’ असे म्हणता येत नाही, तर ‘या काही वर्षांच्या अवधीत वणव्याची घटना घडली’ एवढेच म्हणता येते. एकापाठोपाठ लागलेले दोन वणवे गाळात एकच दिसू शकतात. ही मर्यादा संशोधकांनी कधी लपवलेली नाही, बातम्या लिहिणारे मात्र ती बहुधा गाळून टाकतात.

चुलीचा प्रश्न वस्तीजवळच्या तळ्यांबाबत खरोखरच उद्भवतो. एका चुलीतून तळ्यात येणारा कोळसा अत्यल्प असतो. शिवाय गणनेत कोळशाचे नेहमीचे, संथपणे बदलणारे प्रमाण वेगळे काढून त्याच्यावर उठून दिसणारी शिखरेच वणवा म्हणून धरली जातात. थरांचे वय ठरवण्यासाठी वरच्या, अलीकडच्या थरांत शिसे-२१० आणि खालच्या थरांत कार्बन-१४ या ठरावीक गतीने क्षय पावणाऱ्या किरणोत्सारी मूलद्रव्यांचा आधार घेतात. शिवाय त्या भागात निसर्गानेच एक खूण करून ठेवली आहे. आजच्या ओरेगॉन राज्यातील माझामा ज्वालामुखीचा सुमारे ७,६०० वर्षांपूर्वी जो महास्फोट झाला, त्याची राख दूरवरच्या तळ्यांत पसरली. गाळात ती राख दिसली की त्या थराचे वय निराळे शोधावे लागत नाही.

झाडांच्या वार्षिक वलयांवरून वणव्याचे वर्ष अचूक कळते असे वाचले आहे. मग तळ्यांचा एवढा खटाटोप कशासाठी? (एक वाचक, कोल्हापूर)

वलयांवरून वर्ष अचूक कळते हे खरे आहे, पण त्यासाठी झाड आगीतून वाचायला हवे. ॲरिझोना किंवा न्यू मेक्सिकोतील पाँडेरोसा पाइनच्या जंगलांत पूर्वी जमिनीलगत गवत जाळत जाणारे हलके वणवे वारंवार लागत असत. जाड सालीची मोठी झाडे त्यांतून वाचत आणि त्यांच्या खोडावर जखमेची खूण राही. कॅलिफोर्नियातील महाकाय सेक्वोया वृक्षांवर अशा खुणा दोन हजार वर्षांहून मागे जाणाऱ्या आहेत. यलोस्टोनच्या उंच पठारावर मात्र लॉजपोल पाइनचे जंगल आहे. या झाडाची साल पातळ असते आणि आग शेंड्यांपर्यंत चढली की सारे जंगलच मरते, म्हणजे साक्ष देण्यासाठी फारसे कोणी उरत नाही. उभ्या झाडांच्या वयावरून तेथे तीन-चारशे वर्षे मागे जाता येते. त्यापलीकडच्या काळासाठी गाळाशिवाय मार्ग नाही.

एकाच पर्वतात, अगदी थोड्या अंतरावर, हवामानाचा इतिहास निरनिराळा कसा असू शकतो? (एक वाचक, वाई)

वाईच्या वाचकांना हा प्रश्न पडावा याचे आम्हाला थोडे आश्चर्य वाटले, कारण घाट चढून महाबळेश्वरला गेले की पाऊस किती पटींनी वाढतो हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार! यलोस्टोनमध्ये फरक पावसाच्या प्रमाणाइतकाच त्याच्या ऋतूचाही आहे. उद्यानाच्या मध्य व दक्षिण भागातील उंच प्रदेशाला बहुतेक पाणी हिवाळ्यात, प्रशांत महासागरावरून येणाऱ्या वादळांच्या बर्फातून मिळते आणि तेथील उन्हाळा कोरडा असतो. उत्तरेकडील सखल दऱ्यांमध्ये उन्हाळी पावसाचा वाटा मोठा आहे आणि तो अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातील मोसमी वाऱ्यांशी निगडित आहे.

सुमारे अकरा ते नऊ हजार वर्षांपूर्वी, पृथ्वीच्या अक्षाच्या परांचनामुळे, म्हणजे भोवऱ्याच्या आसाप्रमाणे संथपणे डुलत फिरण्यामुळे, पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ येण्याचा काळ आजच्याप्रमाणे जानेवारीत न येता उत्तर गोलार्धाच्या उन्हाळ्यात येत असे. त्यामुळे तेथे उन्हाळ्यात आजच्यापेक्षा सुमारे ८ टक्के अधिक ऊन मिळत होते. त्या अधिकच्या उन्हाचा परिणाम सर्वत्र सारखा झाला असेल असे आपण सहज समजू. व्हिटलॉक आणि ओरेगॉन विद्यापीठाचे पॅट्रिक बार्टलाइन यांनी १९९३ साली गाळातील परागकणांच्या नोंदींवरून (त्यांवरून त्या काळी कोणती झाडे होती ते कळते) दाखवले की तसे झाले नाही. जेथे उन्हाळा मुळातच कोरडा होता तेथे तो आणखी कोरडा झाला आणि जेथे मोसमी पाऊस पोहोचत होता तेथे तो वाढला. वणव्यांच्या नोंदीही याला जुळतात. त्या काळात मध्य पठारावर वणवे वाढले, तर उत्तरेकडे ते कमीच राहिले आणि पुढे वाढत गेले. डोंगराळ प्रदेशासाठी सरसकट एक सरासरी काढून तिच्यावर विसंबणे किती धोक्याचे असते, हे आम्हाला तरी या शोधनिबंधाने जितके स्पष्ट दाखवले तितके दुसऱ्या कशाने दाखवले नाही.

१९८८ साली यलोस्टोनमध्ये आग लागलेली दिसत असूनही ती विझवली नाही, असे लेखात म्हटले आहे. हा निष्काळजीपणा नव्हता का? (दोन वाचक, पुणे व ठाणे)

१९७२ पासून उद्यानाचे धोरण असे होते की विजेमुळे लागलेली आग माणसांना किंवा इमारतींना धोका नसेल तर निगराणीखाली जळू द्यावी. त्याआधीची अनेक दशके प्रत्येक आग विझवण्याचा प्रयत्न झाला होता आणि त्याने जंगलाच्या नैसर्गिक चक्रात ढवळाढवळ होते, असे मत बनले होते. पुढील पंधरा वर्षांत अशा आगी थोडके क्षेत्र जाळून विझत गेल्या. १९८८ चा उन्हाळा मात्र उद्यानाच्या नोंदींतील सर्वांत कोरडा ठरला. २१ जुलैनंतर सर्व आगी विझवण्याचा आदेश निघाला, पण तोवर वारा आणि दुष्काळ यांच्यापुढे माणसाचे काही चालण्यासारखे राहिले नव्हते. २० ऑगस्ट या एकाच दिवशी दीड लाख एकरांहून अधिक क्षेत्र आगीच्या तोंडी पडले. सगळ्यात मोठ्या आगींपैकी ‘नॉर्थ फोर्क’ ही आग तर विजेची नव्हतीच. उद्यानाच्या सीमेबाहेर कोणीतरी टाकलेल्या सिगारेटमुळे ती लागली होती आणि पहिल्या दिवसापासून तिच्याशी झुंज चालू होती. पंचवीस हजारांवर लोक त्या हंगामात कामाला लागले, सुमारे १२ कोटी डॉलर खर्च झाले आणि अखेर ११ सप्टेंबरला पडलेल्या पावसाने व बर्फाने आगीचा जोर मोडला. उद्यानाचा ३६ टक्के भाग, म्हणजे सुमारे ३ लाख २१ हजार हेक्टर, आगीच्या कक्षेत आला होता.

निष्काळजीपणाचा आरोप त्या वेळी वर्तमानपत्रांतून आणि अमेरिकी संसदेत जोरात झाला. आमच्या मते तो धोरणाच्या अंमलबजावणीतील काही निर्णयांवर करता येईल. जून-जुलैतच अंदाज अधिक सावधपणे बांधायला हवा होता, असे म्हणता येते. परंतु ‘यलोस्टोन नष्ट झाले’ हा त्याच दमात केलेला दावा निखालस चुकीचा होता. लॉजपोल पाइनच्या अनेक झाडांवरील शंकू राळेने घट्ट बंद असतात आणि साधारण ४५ ते ६० अंश सेल्सिअस तापमानाला ती राळ वितळली की उघडतात. आगीनंतर काही दिवसांतच राखेवर लक्षावधी बिया पडल्या. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मोनिका टर्नर आणि त्यांचे सहकारी विल्यम रोम यांनी पुढील अनेक वर्षे या भागाचा पाठपुरावा केला, तेव्हा काही ठिकाणी विरळ रोपे, तर काही ठिकाणी एका हेक्टरमध्ये लाखो रोपे उगवलेली दिसली. जंगल कोणी न लावता परत आले. रोम यांच्याच आधीच्या अभ्यासावरून हेही कळले होते की एवढ्या विस्ताराच्या आगी त्या पठारावर सतराव्या शतकाच्या अखेरीस आणि अठराव्याच्या आरंभीही लागल्या होत्या.

दहा हजार वर्षांपूर्वी आजच्यापेक्षा अधिक वणवे लागत होते, असे व्हिटलॉक यांचेच संशोधन सांगते. मग आजच्या वणव्यांचा दोष हवामानबदलाला देणे हा निव्वळ बागुलबुवा नाही का? (एक वाचक, नागपूर)

या प्रश्नावर सर्वांत अधिक पत्रे आली, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर देतो.

यलोस्टोनच्या मध्य पठारावरील सिग्नेट तलावाच्या गाळात सुमारे १७ हजार वर्षांची नोंद आहे. २००० साली मिल्सपॉ, व्हिटलॉक आणि बार्टलाइन यांनी ती प्रसिद्ध केली. तिच्यानुसार सुमारे ९,९०० वर्षांपूर्वी दर हजार वर्षांत वणव्याच्या दहांहून अधिक घटना घडत होत्या. त्यानंतर हा आकडा हळूहळू उतरत गेला आणि अलीकडच्या काळात तो हजार वर्षांत दोन-तीनवर आला. आपण म्हणता ते खरे आहे, आणि ही चढउतार उन्हाळी उन्हाच्या चढउताराबरोबर चालते. आता त्या नोंदीतील दुसरी गोष्ट पाहा. या तलावाभोवती सुमारे अकरा हजार वर्षे लॉजपोल पाइनचेच जंगल होते, कारण ज्वालामुखीजन्य, निकृष्ट मातीत दुसरे फारसे काही तग धरत नाही. जंगल तेच राहिले आणि वणव्यांची वारंवारता चौपट बदलली, याचा अर्थ तेथे वणव्याची गती ठरवणारा मुख्य घटक हवामान आहे. हाच निष्कर्ष हवामानबदलाच्या चिंतेचे मूळ आहे. हवामान बदलल्यावर पूर्वी वणवे वाढले होते, यावरून आता हवामान बदलले तर ते वाढणार नाहीत, असा अर्थ कसा काढता येईल?

दुसरा फरक कारणांचा आणि वेगाचा आहे. परांचनामुळे होणारा बदल हजारो वर्षांत होतो. शिवाय त्या काळी उन्हाळ्यात ऊन अधिक असले तरी हिवाळ्यात ते आजच्यापेक्षा कमी होते. हरितगृह वायूंमुळे होणारी आजची तापमानवाढ मात्र हिवाळ्यालाही सोडत नाही. व्हिटलॉक यांचा सहभाग असलेल्या, बृहद् यलोस्टोन परिसराच्या २०२१ च्या हवामान अहवालानुसार १९५० पासून तेथील सरासरी तापमान सुमारे १.३ अंश सेल्सिअसने वाढले आहे, वर्षाला पडणारा बर्फ सरासरी ५८ सेंटीमीटरच्या आसपास घटला आहे आणि वनस्पतींच्या वाढीचा हंगाम जवळजवळ दोन आठवड्यांनी लांबला आहे. डोंगरावरील बर्फ लवकर वितळला की लाकूड आणि जमीन वाळायला अधिक दिवस मिळतात. अँथनी वेस्टरलिंग व सहकाऱ्यांनी २००६ साली अमेरिकेच्या पश्चिम भागातील १९७० ते २००३ या काळातील मोठ्या वणव्यांचा अभ्यास केला. १९८६ पर्यंतच्या काळाशी तुलना करता नंतरच्या काळात मोठे वणवे सुमारे चौपट झाले होते आणि हंगाम ७८ दिवसांनी लांबला होता, आणि ही वाढ सर्वाधिक कोठे झाली, तर उत्तर रॉकीजमधील मध्यम उंचीच्या, पूर्वी बर्फामुळे ओल्या राहणाऱ्या जंगलांत. तेथे आगी विझवत राहिल्यामुळे सरपण साठल्याचे कारण पुढे करता येत नाही, कारण दोन-तीनशे वर्षांतून एकदा जळणाऱ्या जंगलात काही दशके आगी विझवल्याने फारसा फरक पडत नाही. कोरड्या, सखल पाइनवनांत मात्र विझवण्याच्या धोरणाचा दोष मोठा आहे. दोन्हींना एकाच मापाने मोजणारे लेख आजही लिहिले जातात.

आणि खरा प्रश्न किती हेक्टर जळाले हा नसून दोन वणव्यांमध्ये किती वर्षे गेली हा आहे. उत्तर कोलोराडो आणि दक्षिण वायोमिंगच्या उंचावरील जंगलांतील तळ्यांच्या नोंदींवरून फिलिप हिगुएरा आणि सहकाऱ्यांनी २०२१ साली दाखवले की गेल्या दोन हजार वर्षांत तेथील जंगल सरासरी २३० वर्षांत एकदा जळून निघण्याच्या गतीने जळत होते. एकविसाव्या शतकात ती मुदत ११७ वर्षांवर आली आहे. यलोस्टोनमध्ये २०१६ साली, १९८८ नंतर उगवलेल्या अवघ्या अठ्ठावीस वर्षांच्या जंगलाचा काही भाग पुन्हा जळाला. इतक्या कोवळ्या झाडांवर शंकू थोडे असतात आणि राळबंद शंकू तर त्याहून कमी. टर्नर यांच्या गटाला तेथे, दीर्घ काळानंतर जळालेल्या जंगलाच्या तुलनेत, नव्या रोपांची दाटी एक षष्ठांशावर आलेली आढळली. आधीच्या उत्तरात जंगल आपोआप परत आले असे आम्ही लिहिले आहे. ते परत येण्यासाठी मधल्या काळात झाडे म्हातारी होणे आवश्यक असते.

वणवे माणसानेच लावले असतील, तरी तळ्याच्या गाळावरून ते कळते का? आणि आपल्या सह्याद्रीला हे संशोधन कितपत लागू पडते? (एक शिक्षक, सिंधुदुर्ग जिल्हा, आणि इतर)

आग कोणी लावली हे कोळशाचा कण सांगत नाही, पण संदर्भ कधीकधी सांगतो. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरील सोळा तळ्यांचा अभ्यास डेव्हिड मॅक्वेदी, व्हिटलॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली प्रसिद्ध केला. त्या बेटावर तेराव्या शतकापर्यंत माणूस नव्हता आणि वणवे अत्यंत विरळ होते. माओरी लोकांचे पूर्वज तेथे आले आणि त्यानंतर लगेचच तळ्यांमध्ये कोळसा एकाएकी वाढला, वृक्षांचे परागकण घटले, नेच्यांचे व झुडपांचे अवशेष वाढले. त्या काळच्या हवामानात एवढे मोठे काही घडलेले नव्हते. तेथील झाडांना आगीची सवयच नव्हती, त्यामुळे थोडक्या लोकवस्तीने लावलेल्या मोजक्या वणव्यांनीही बेटाच्या मोठ्या भागातील जंगल कायमचे गेले.

सह्याद्रीला यलोस्टोनचे आकडे लागू पडत नाहीत आणि ते लावण्याचा मोह आवरलेला बरा. आपल्याकडे वणवे फेब्रुवारी ते मे या महिन्यांत लागतात, ते प्रामुख्याने जमिनीवरील वाळलेले गवत आणि पालापाचोळा जाळत जातात, आणि बहुतेक सारे माणसांच्या हातून लागतात. पुढच्या वर्षी गवत चांगले यावे म्हणून, मोहाची फुले वेचायला जमीन मोकळी व्हावी म्हणून, तेंदूला नवी पालवी फुटावी म्हणून, शिकारीसाठी, किंवा बांधावर लावलेली आग आवरली नाही म्हणून. कोकणातील राब भाजण्याची पद्धत ही शेतापुरती, नियंत्रित आग असते आणि तिला सरसकट वणव्याच्या यादीत टाकणे आम्हाला योग्य वाटत नाही. राखीव जंगलात आग लावणे मात्र भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ नुसार गुन्हा आहे.

तरीही व्हिटलॉक यांचा प्रश्न आपण येथे विचारायला हवा, तो म्हणजे दोन आगींमधील अंतराचा. साग, पळस यांसारखी पानझडी जंगलातील झाडे जमिनीवरील हलक्या आगीतून वाचतात, पण त्यांची रोपे त्याच जागी दरवर्षी जळत राहिली तर जुन्या झाडांची जागा घेणारे कोणी तयार होत नाही. माथ्यावरील अंजनी-जांभळाच्या सदाहरित रानाची तर आगीशी कधी गाठच नसते. कडेच्या गवताचा वणवा दरवर्षी त्याच्या काठाला चाटत राहिला की ते रान काठाकडून आत आकसत जाते. ज्या डोंगरउतारावर हे अंतर एका वर्षावर आले आहे, तेथे तापमानवाढीची चर्चा करण्याआधी जाळरेषा (आग पुढे पसरू नये म्हणून गवत आधीच काढून मोकळे ठेवलेले पट्टे) वेळेवर काढल्या गेल्या की नाहीत याची चौकशी व्हायला हवी. भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहांनी टिपलेल्या आगींच्या सूचना नोंदणी केलेल्या नागरिकांनाही पाठवते. शाळेला या सूचना घेता येतील आणि गावाच्या शिवारात कोणता उतार किती वर्षांनी जळतो, याचा नकाशा विद्यार्थ्यांना करता येईल.

अशा विषयात संशोधन करायचे असल्यास काय शिकावे? (पदवीच्या दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर)

वनस्पतिशास्त्र किंवा भूविज्ञान यांपैकी कोणत्याही शाखेतून या विषयाकडे जाता येते. संख्याशास्त्राची भीती मात्र बाळगू नये, कारण कोळशाचे कण मोजून झाल्यावर उरलेले बहुतेक काम त्याचेच असते. परागकणांच्या आणि प्राचीन हवामानाच्या अभ्यासासाठी लखनौ येथील बिरबल साहनी पुराविज्ञान संस्था ही देशातील प्रमुख संस्था आहे. सह्याद्रीत बहुतेक तळी मानवनिर्मित असल्याने यलोस्टोनसारख्या दीर्घ नोंदी मिळणे कठीण आहे, पण दक्षिणेकडे निलगिरीतील दलदलींमध्ये साचलेल्या पीटवरून, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरांवरून, रमण सुकुमार आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्येच गेल्या सुमारे वीस हजार वर्षांतील गवताळ प्रदेश आणि जंगल यांच्यातील चढउतार मांडला आहे. पदव्युत्तर प्रकल्पासाठी विषय शोधत असाल तर आधी तो शोधनिबंध वाचावा आणि मग आपल्या भागातील एखाद्या जुन्या, न उपसलेल्या तळ्याच्या गाळाचा विचार करावा. तीन-चारशे वर्षांची नोंदही मराठवाड्यासाठी नवीच ठरेल.